सत्तरीच्या भाटात ॲश रुजवताना

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, वाळपईपासून थोडं आत, व्हाळाच्या काठाने वर चढत जाणारं अडीच हेक्टरांचं एक भाट, म्हणजे बागायतीची जमीन, आहे. खालच्या अंगाला कुळागर: सुपारी, तिच्यावर मिरीचे वेल, मधे केळी आणि जायफळाची पाच झाडं. वर काजू होता. त्यातली निम्मी झाडं खोडकिड्याने गेली आणि उरलेली म्हातारी झाली. त्याहूनही वर सडा, म्हणजे उघडा जांभा. पावसात त्यावर गुडघाभर गवत येतं आणि मार्चमध्ये पाय भाजतो. भाटाचे मालक सैन्यातून निवृत्त झालेले. वयाने माझ्या वडिलांएवढे, म्हणून मी त्यांना काका म्हणतो. माझी डिचोलीकडे लहानशी रोपवाटिका आहे आणि रानझाडांची रोपं करणं हेच माझं मुख्य काम.

काकांच्या नोकरीची बरीच वर्षं काश्मीर आणि हिमाचलात गेली. तिथल्या एका क्वार्टरच्या दारात ॲशचं, थंड मुलखातलं उंच झाड होतं. ते शरदात पिवळंधमक व्हायचं, हे त्यांच्या मनात इतकं रुतलेलं, की निवृत्तीनंतर मेलेल्या काजूच्या जागी ॲशची रांग लावायची हे त्यांनी गावी परतण्याआधीच ठरवलं होतं. लाकडाचंही आकर्षण होतं. ॲशचं लाकूड चिवट, धक्का सोसणारं. कुऱ्हाडीचे-हातोड्यांचे दांडे, वल्ही आणि जुन्या काळची लाकडी टेनिस रॅकेटं त्याचीच करत. शिवाय रोपं विकत आणायची नव्हती, बीपासून स्वतः वाढवायची होती. झाड लहानपणापासून आपल्या हाताखालून जावं, ही त्यांची इच्छा मला शेवटपर्यंत पटत राहिली.

काय घडलं ते क्रमाने लिहितो, कारण यातली प्रत्येक चूक कुणाच्याही हातून होऊ शकते आणि दोन चुका माझ्याच आहेत.

पहिलं पाकीट

काकांनी बियांच्या एका विक्रेत्याकडून टपालाने पाकीट मागवलं. आत साधारण चारशे बिया, वर नाव ‘फ्रॅक्सिनस एक्सेल्सिअर’, म्हणजे युरोपातला ॲश. जून २०२१ मध्ये मिरगाच्या पावसावर त्यांनी अडीचशे बिया पिशव्यांत लावल्या. लाल माती, शेणखत आणि वाळू, सगळं नेहमीसारखं. उरलेल्या दीडशे बिया बिस्किटाच्या डब्यात ठेवल्या. गणपती झाले, दिवाळी झाली, एकही बी उगवलं नाही. डिसेंबरात त्यांनी मला बोलावलं.

ॲशची बी पाहायला सुरेख असते. एका टोकाला दाणा आणि पुढे वल्ह्यासारखा एकच लांब पंख. पाकिटासोबत पेरणीची एक ओळीचीही सूचना नव्हती. मी डब्यातल्या वीस बिया रात्रभर भिजवल्या आणि ब्लेडने उभ्या चिरल्या. तेरा आतून पांढऱ्या आणि घट्ट निघाल्या, सात पोकळ किंवा तपकिरी पडलेल्या. चांगल्या तेरांतही भ्रूण, म्हणजे आतला कोंब, दाण्याच्या निम्म्याहून थोडाच लांब होता. बाकी जागा गराने भरलेली.

सगळं प्रकरण या चिरलेल्या बीत होतं. आपल्याकडे फणसाची आठळी किंवा आंब्याची कोय झाडावरून पडते तेव्हा आतलं रोप तयार असतं. चार दिवस उशीर केला तर उलट तेच मरतं. ॲशची बी झाडावरून उतरते तेव्हा तिचा कोंब अजून वाढायचा असतो. आधी तिला ओलसर, कोमट दिवस लागतात, दोन ते चार महिने. त्या काळात कोंब आतल्या आत वाढून दाणा भरतो. पण तेवढ्याने ती उगवत नाही. त्यानंतर तिला पुन्हा दोन-चार महिने ओलाव्यात राहून तीन ते पाच अंश सेल्सिअसची थंडी सोसावी लागते. तेव्हा कुठे सुप्तावस्था मोडते. तिच्या मुलखात हे आपोआप होतं: हिवाळ्यात पडली, पुढच्या उन्हाळ्यात मातीत कोंब वाढला, मग दुसरा हिवाळा, आणि त्यानंतरच्या वसंतात अंकुर. साधारण दीड वर्ष. तिथले जाणते लोक ऑगस्टमध्ये बी हिरवी असतानाच तोडून लगेच पेरतात. सुप्तावस्था पक्की होण्याआधीच ती मातीत गेली तर पुढच्याच वसंतात उगवते. पाकिटातून आलेल्या वाळक्या बीला तो मार्ग उरत नाही.

सत्तरीत जानेवारीच्या पहाटे शाल घ्यावी लागते हे खरं, पण ती थंडी माणसाची. गोव्यात हिवाळ्यातही पारा वीसच्या फार खाली जात नाही. काकांच्या पिशव्यांना सहा महिन्यांत थंडीचा एक दिवसही मिळालेला नव्हता. मी पिशव्या फोडून चाळीस बिया काढल्या. बहुतेक कुजल्या होत्या. सहा घट्ट होत्या. त्या चिरल्या तर त्यांतला कोंब डब्यातल्या बियांपेक्षा स्पष्ट लांब. अर्धी वाट त्या चालून आल्या होत्या आणि पुढच्या अर्ध्यासाठी थांबल्या होत्या. काका बराच वेळ भिंगातून पाहत बसले.

फ्रिजमधला हिवाळा

इथे खरं तर मी त्यांना थांबवायला हवं होतं. बी उगवणं आणि झाड जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला ठाऊक होतं. पण चिरलेल्या बीने माझंही कुतूहल चाळवलं आणि मी म्हणालो, “काका, डब्यातल्या एकशेतीस उरल्यात. त्यांना हिवाळा देऊन बघूया.” ही माझी पहिली चूक.

धुतलेली नदीची वाळू घेतली. मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवली. बिया तिच्यात मिसळून झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात भरल्या. पहिला कोमट टप्पा डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, घरातल्या सगळ्यात गार खोलीत, विहिरीकडच्या बाजूला. या टप्प्याला पंधरा ते वीस अंश चांगले. आमच्या खोलीत त्याहून जास्तच होते, पण त्याहून गार जागा घरात नव्हती. दर आठवड्याला डबा उघडून हवा द्यायची, वाळू चाळायची, बुरशी धरलेली बी काढून टाकायची. हे सगळं काकू करत. मार्चपासून डबा फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. काकूंनी भाज्यांची जागा दिली. मे महिन्यात वीज वरचेवर जायची, तेव्हा डबा गोणपाटात गुंडाळून ठेवायच्या.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, फ्रिजच्या आतच, पांढरी मुळं दिसली. सत्तावीस बियांना. काकांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज चढलेला होता आणि मीही हातातलं काम टाकून गेलो.

मग माझी दुसरी चूक. उरलेल्या बियाही आता तयार असतील असं धरून मी सगळ्या एकदम बाहेर काढून पिशव्यांत लावल्या. मुळं फुटलेल्या चालल्या. बाकीच्यांतून एकही आली नाही. थंडीतून निघालेली ॲशची बी एकदम उष्णतेत आली की पुन्हा झोपी जाते, ही दुसऱ्यांदा येणारी सुप्तावस्था. त्यांना आणखी काही आठवडे फ्रिजमध्येच ठेवून, मूळ फुटेल तशी एकेक बाहेर काढायला हवी होती. कुणी हिमालयातल्या किंवा युरोपातल्या झाडाची बी फ्रिजमध्ये ठेवणार असेल, तर एवढं लक्षात ठेवावं: मूळ फुटेपर्यंत बाहेर काढू नये, आणि बाहेर काढल्यावरही पहिले दिवस गारव्यातच ठेवावी.

सत्तावीसांतली एकवीस पानावर आली. दिवस होते जुलैचे. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीच्या डोंगराकडे त्याहून जास्त, आणि त्यातला मोठा वाटा जून-जुलैत. आठ-आठ दिवस ऊन नाही, हवा ओली, पानं कोरडी होतच नाहीत. रोपं बुडाशी काळी पडून आडवी होऊ लागली. आम्ही ओटीवर आणली, पाणी बंद केलं, पिशव्यांत वरून कोरडी वाळू घातली. ऑक्टोबरात नऊ उरली होती. मग ऑक्टोबरचं ऊन. डिसेंबरात काहींनी अर्धी पानं टाकली, काहींनी टाकलीच नाहीत. ॲशला हिवाळ्यात पूर्ण निजायची सवय, आणि निजलेल्या डोळ्यांना उठायलाही थंडीच लागते. इथे रोपं धड झोपली नाहीत आणि धड जागीही राहिली नाहीत. मार्चमध्ये चार उरली, वीतभर उंचीची, आणि त्यातल्या दोघांचेच डोळे फुटले.

मधल्या काळात काकांच्या लंडनच्या पुतण्याने विचारलं होतं, की तिथून खिशात घालून थोडी ताजी बी आणू का? याला मी स्पष्ट आणि थोडं कठोरपणे नाही म्हटलं. परदेशातून बी किंवा रोप आणायचं तर २००३ च्या वनस्पती संगरोध आदेशाप्रमाणे परवाना आणि तिथल्या सरकारचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा कागदी सोपस्कार कशासाठी, ते खुद्द ॲशनेच दाखवलंय. पूर्व आशियातल्या ॲशच्या पानांवर एक बुरशी निरुपद्रवीपणे राहायची. ती युरोपात शिरली. १९९२ मध्ये पोलंडमध्ये झाडं शेंड्याकडून वाळताना दिसली आणि २०१२ मध्ये ब्रिटनमध्ये रोग सापडला. गळलेल्या पानांच्या देठांवर ती बुरशी हिवाळा काढते आणि उन्हाळ्यात तिचे बीजाणू वाऱ्यावर निघतात. अमेरिकेतल्या ॲशचं दुखणं निराळं: आशियातूनच गेलेला एक हिरवा चकचकीत भुंगेरा २००२ मध्ये मिशिगनमध्ये आढळला आणि त्याच्या अळ्यांनी कोट्यवधी झाडं सालीखालून पोखरली. आपल्या हिमालयात ॲशच्या स्वतःच्या जाती आहेत. एका माणसाच्या खिशातून त्यांच्या मुळावर काय येईल, सांगता येत नाही. पुतण्याने समजून घेतलं.

‘इंडियन ॲश’

जुलै २०२२ मध्ये, ओटीवर रोपं कोसळत असताना, काकांनी मला न विचारता आणखी एक गोष्ट केली. एका नर्सरीच्या यादीत त्यांना ‘इंडियन ॲश ट्री’ असं नाव दिसलं. उष्ण हवेत वाढतो असंही लिहिलं होतं. त्यांनी चाळीस रोपं मागवली. टेम्पो आला, रोपं उतरली, काकू बाहेर आल्या. एक फांदी हातात घेऊन त्यांनी पान चुरगाळलं आणि म्हणाल्या, “अहो, ही तर मोय. आमच्या माहेरी कुंपणाला हीच होती.”

मोय, म्हणजे कोकणात जिला मोई किंवा शिमटी म्हणतात ती. इंग्रजी पुस्तकांत तिला इंडियन ॲश म्हटलेलं आहे खरं, पण ॲशशी तिचं नातं नाही. ती आंब्या-काजूच्या कुळातली. ॲश पारिजातकाच्या कुळातला. दोघांनाही एका देठावर पिसासारख्या पानांच्या जोड्या असतात, तेवढ्यावरून ते नाव पडलं असावं. ओळख पटवायची तर फांदी पाहावी: ॲशची पानं समोरासमोर येतात, मोयीची एकाआड एक आणि फांदीच्या टोकाशी गर्दी करून. ॲशला पंखाची बी, मोयीला लहान लालसर फळं. आणि मोय बीपासून कुणी मुद्दाम करत नाही. मनगटाएवढी फांदी पावसाच्या तोंडावर जमिनीत खोचली की ती फुटते. म्हणूनच गावोगाव कुंपणाला असते. काकांनी पैसे मोजून जी चाळीस रोपं आणली होती, ती शेजारच्या कुंपणातून एका दुपारी फुकट मिळाली असती.

नर्सरीने फसवलं असं मी म्हणणार नाही. यादीतलं नाव चुकीचं नव्हतं. अपुरं होतं. झाडाचं शास्त्रीय नाव विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत. मराठी-कोंकणी नावांच्या बाबतीत तर एकाच तालुक्यात दोन नावं असतात. ती रोपं वाया गेली नाहीत. गव्यांच्या वाटेच्या बाजूला ती कुंपणात लावली आणि ती उत्तम आहेत.

पण त्या संध्याकाळी काका पहिल्यांदा खचलेले दिसले. ओटीवर मरणारी रोपं आणि अंगणात चाळीस मोयी. मी त्यांना विचारलं, “काका, तुम्हाला ॲशमधलं नेमकं काय हवंय?” त्यांनी विचार करून सांगितलं: उंच सरळ खोड, वर मोकळं डोकं, चिवट लाकूड, पंखाची बी वाऱ्यावर उडताना दिसावी, आणि बीपासून आपल्या हाताने झालेलं असावं.

हे वर्णन ऐकता ऐकता माझी नजर भाटाच्या वरच्या बांधाकडे गेली. तिथे तीन मत्ती उभ्या होत्या.

मत्ती

मत्ती म्हणजे कोकणातला ऐन. गोव्याचा राज्यवृक्ष म्हणून शाळेत नाव पाठ केलेलं असतं, पण किती जणांनी तिचं बी हातात घेतलंय? साल मगरीच्या पाठीसारखी, चौकोन पडलेली आणि जाड. वणव्यातून म्हातारी झाडं वाचतात ती या सालीमुळे. भर उन्हाळ्यात काही झाडांच्या खोडाला फुगवटा दिसतो, तिथे घाव घातला तर पाणी निघतं, हे रानात फिरणाऱ्यांना माहीत असतं. लाकूड जड, टणक, घराच्या वाशांना आणि गाड्यांना वापरलं गेलेलं. तिच्या पानांवर टसरचे किडे पोसतात. कोकणात भाताच्या राबासाठी, म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर जाळायला, तिच्याच फांद्या तोडत. आणि फळाला पाच पंख. दोन बोटांत धरून उंचावरून सोडलं तर गरगरत खाली येतं.

काकांना मत्ती ठाऊक नव्हती असं नाही. लहानपणापासून समोर होती, म्हणून दिसत नव्हती.

फेब्रुवारी २०२३ पासून आम्ही त्या तीन झाडांवर लक्ष ठेवलं. फळं रानातून गोळा करायची नाहीत, हे आधीच ठरवलं. म्हादई अभयारण्य जवळ आहे आणि अभयारण्यातून परवानगीशिवाय काही उचलणं हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. गावच्या देवराईत दोन प्रचंड मत्ती आहेत, पण देवाच्या रानातलं वाळकं पानही घरी आणायचं नाही ही तिथली रीत. काका तिथे जाऊन नुसते बघून आले. बांधावरच्या तीन झाडांची आणि शेजाऱ्यांच्या जमिनीतल्या चार झाडांची, त्यांच्या संमतीने, एवढीच फळं घ्यायची.

मत्तीची अडचण ॲशच्या उलट आहे. तिला थंडीची वाट पाहायची नसते. तिची बरीचशी फळं मुळातच पोकळ असतात. पंख पाच, दिसायला भरदार, आत बी नाही. सुरुवातीला पडणारी फळं तर बहुतेक किडकी किंवा फोल. म्हणून पहिली पडझड आम्ही झाडून जाळली आणि स्वच्छ जमिनीवर मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत पडलेली फळं उचलली. पाण्यात तरंगणारी फळं टाकून द्यायची, ही नेहमीची युक्ती इथे कामाची नाही. पंखांमुळे आणि सालीतल्या हवेमुळे चांगली फळंही तरंगतात. कोयत्याने कापून पाहणं हीच खरी परीक्षा. प्रत्येक झाडाची पन्नास फळं कापली. बांधावरच्या मधल्या झाडाची बावीस भरलेली निघाली, शेजाऱ्यांच्या एका देखण्या झाडाची फक्त तीन. झाडाझाडात एवढा फरक असेल अशी माझीही कल्पना नव्हती. त्या दिवसापासून मी सरमिसळ बी घेणं सोडलं. कापून पाहण्यात पन्नास फळं गेली तरी पुढचे तीन महिने वाचतात.

चांगल्या तीन झाडांची सहाशे फळं निवडली. पंख कात्रीने छाटले, कारण पंखांमुळे फळ मातीत तिरकं बसतं आणि ओल नीट लागत नाही. दोन दिवस पाण्यात, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलून. मग एक दिवस सावलीत सुकवून पुन्हा एक रात्र पाण्यात. ओलं-सुकं आलटून पालटून केलं की टणक कवच सैल होतं. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात वाफ्यात, वाळूमिश्रित मातीत, फळ आडवं ठेवून वर बोटभर माती. त्यावर नारळाच्या चुडतांची सावली आणि रोज झारीने पाणी.

एकोणिसाव्या दिवशी पहिलं रोप. बी फुटताना पाहण्यासारखं असतं: फळाच्या एका टोकातून मूळ निघतं आणि मग आत गुंडाळीसारखी बसलेली दोन बीजपत्रं वर येऊन उलगडतात. काकूंनी रोज सकाळी मोजून पंचांगाच्या मागच्या पानावर आकडा लिहिला. जूनअखेर सहाशेपैकी एकशे अठ्ठेचाळीस. चारात एक. कुणाला हे कमी वाटेल, पण मत्तीसाठी मी ते चांगलं मानतो. कापून पाहिलं नसतं तर त्याच्या निम्मीही झाली नसती.

पुढचा प्रश्न मुळाचा. मत्तीची मुळी सरळ खाली धावते. शेंडा चार पानांचा असतो तेव्हा मुळी हातभर गेलेली असते. नेहमीच्या सहा इंची पिशवीत ती तळाशी वेटोळं घालते आणि ते वेटोळं जन्मभर सुटत नाही. अशी झाडं चार-पाच वर्षं छान दिसतात आणि मग वादळात उपटून पडतात. म्हणून बीजपत्रं उलगडताच, खरी पानं येण्याआधी, रोपं बारा इंची उंच पिशव्यांत हलवली. खाली विटांची रांग केली, म्हणजे पिशवीबाहेर आलेली मुळी हवेत सुकून तिथेच थांबते.

दोन प्रकारे लावून पाहायचं ठरलं. साठ रोपं ऑगस्ट २०२३ मध्ये, पाऊस जरा ओसरल्यावर, काजूच्या जुन्या जागेत. उरलेली वर्षभर पिशवीत ठेवून जून २०२४ मध्ये. शिवाय आणखी दीडशे फळं, भिजवून, दोन-दोन करून पंच्याहत्तर खड्ड्यांत मिरगाला थेट टाकली. काकांना सड्यावरही लावायची होती. तिथे आम्ही पिकासाने चार जागी खणून पाहिलं. वीतभर मातीखाली एकसंध जांभा. मत्ती जांभ्याच्या मातीत वाढते, जांभ्याच्या फरशीवर नाही. शिवाय सड्यावर पावसात जी सीतेची आसवं आणि इतर लहान रानफुलं येतात, त्यांची ती हक्काची जागा. तिथे झाडं लावून त्यांना सावलीत घालणं मला कधीच पटलं नाही. सडा तसाच सोडला.

थेट टाकलेल्या पंच्याहत्तर खड्ड्यांपैकी अकरांत रोप आलं. बाकीच्यांत उंदीर, वाळवी आणि वाहून आलेली माती. पण त्या अकरांपैकी नऊ आज आहेत आणि जोराने वाढताहेत. ऑगस्टमध्ये लावलेल्या साठांपैकी पहिल्या उन्हाळ्यानंतर चाळीस राहिली. काहींचा शेंडा मार्चमध्ये वाळला होता. काका ती उपटायला निघाले होते. मी नखाने बुडाची साल खरवडून दाखवली, आत हिरवी होती. पहिल्या पावसानंतर बुडातून फूट आली आणि त्यातली सरळ एक ठेवून बाकीच्या छाटल्या. वर्षभर पिशवीत राहिलेली रोपं लावताना गुडघ्याएवढी, दिसायला सगळ्यात देखणी. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची वाढ ऑगस्टच्या रोपांपेक्षा मागे होती. दोन मेलेली उपटून पाहिली, तर विटांवर ठेवूनही मुळी तळाशी वळलेली. पुढच्या वेळी मी मत्ती एका पावसापेक्षा जास्त पिशवीत ठेवणार नाही.

सगळ्यात मोठं काम झाडं लावण्याचं नव्हतं, वणव्याचं होतं. फेब्रुवारीत भाटाच्या वरच्या कडेने तीन मीटर रुंद पट्टा गवत कापून, पातेरा ओढून मोकळा केला. मार्चमध्ये सड्यावर आग आली आणि त्या पट्ट्यापाशी थांबली. गवे दोनदा आत आले, खाल्लं थोडं, तुडवलं जास्त. उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी एकदा रोपामागे पाच लिटर पाणी, आणि बुडाशी नारळाची सोडणं पालथी मांडून ओल धरली. ही मांडणी काकूंची.

कुणी हे वाचून शेतजमिनीत मत्ती लावणार असेल, तर १९८४ चा गोव्याचा वृक्ष संरक्षण कायदा आधी समजून घ्यावा. आपल्याच जमिनीतलं, आपणच लावलेलं झाड तोडायलाही वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. दांड्यांचं लाकूड हवं म्हणून झाड लावणाऱ्या काकांना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या नातवाच्या काळातला प्रश्न आहे, नातू परवानगी काढेल.

ॲशचं शेवटचं रोप मे २०२४ मध्ये गेलं. सव्वा वीत उंच होतं. काकांनी पिशवी फोडून मुळं धुतली, वर्तमानपत्रात दाबून वाळवली आणि तारीख घालून वहीत ठेवली. त्याच वहीत चिरलेल्या बीचं त्यांनी पेन्सिलने काढलेलं चित्र आहे, अर्धवट वाढलेल्या कोंबासह. मी पाहिलेल्या कुठल्याही छापील चित्रापेक्षा ते स्पष्ट आहे.

आता त्यांना किंदळ हवाय. मत्तीचाच भाऊ, पण फळ इवलंसं, तीन पंखांचं, एक मोठा आणि दोन लहान. पावसाळ्यानंतर किंदळाचं अख्खं डोकं फळांनी गंजाच्या रंगाचं होतं आणि सत्तरीचे डोंगर लांबून तांबूस दिसतात. पण फोल फळांच्या बाबतीत किंदळ मत्तीच्याही पुढे. जानेवारी २०२५ मध्ये आम्ही पाच झाडांची शंभर-शंभर फळं कापली. कोयत्याने जमेना, फळ बारीक. ब्लेड आणि भिंग घेऊन दोन दुपारी बसलो. पाचशेत एकोणीस भरलेली. त्यातली अकरा एकाच झाडाची, व्हाळापलीकडच्या. त्या झाडाला काकांनी चुन्याने खूण केली आहे. खाली गोणपाट अंथरून तीन आठवड्यांची फळं गोळा केली, ती चार सुपं भरली. काकूंनी ती पाखडून पाहिली, की जड फळं मागे राहतात का. राहतात, पण फार थोडी. मागे राहिलेल्यांतली पन्नास कापली, सहा भरलेली. बाकीची एप्रिलमध्ये वाफ्यात टाकली.

मे महिन्याच्या वीस तारखेला काकूंचा फोन आला. सात उगवलीत आणि आठवं माती उचलतंय.